ताक कितीचं? हुशारीच्या खऱ्या-खोट्या खुणा

मिसळीची प्लेट आणि ताकाचा ग्लास मिळून ११० रुपये होतात. मिसळ ताकापेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. तर ताक कितीचं?

बहुतेकांच्या तोंडून दोन सेकंदांत ‘दहा’ निघतं, आणि ते चुकीचं असतं. ताक १० रुपयांचं धरलं तर मिसळ ११० ची होते आणि बिल १२० वर जातं. खरं उत्तर ५ रुपये: ताक ५, मिसळ १०५. (नाशकात आज ५ रुपयांत ताक कोण देतं, ते सोडा.)

मूळ कोडं बॅट आणि चेंडूचं. शेन फ्रेडरिक या अमेरिकी संशोधकानं २००५ मध्ये अशा तीन प्रश्नांची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. एमआयटीसारख्या विद्यापीठात तिन्ही उत्तरं बरोबर देणारे निघाले ४८ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमीच. त्यांना एवढी वजाबाकी येत नव्हती असं कोण म्हणेल? घोटाळा असा की ‘दहा’ हे उत्तर न बोलावता येतं आणि इतकं पटतं की पडताळून बघायची गरज वाटत नाही. बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोक्यातही आधी दहाच येतं. ते फक्त एकदा बेरीज करून बघतात.

हुशार माणसाची ही एक खरी खूण झाली. आता अडचण बघा: ती बाहेरून दिसत नाही. कॉलेज रोडच्या कॅफेत शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसानं मनात बेरीज पडताळली की नाही, हे तुम्हाला कसं कळणार? म्हणून मग दिसणाऱ्या खुणांच्या याद्या फिरतात. रात्री उशिरा जागतो, टेबलावर पसारा असतो, एकटा राहतो, शिव्या देतो, अक्षर किड्यामुंग्यांसारखं आहे, म्हणजे नक्की बुद्धिमान! ज्याला त्याला त्या यादीत स्वतःची दोन-चार लक्षणं सापडतात. यादी लोकप्रिय होण्याचं कारणही तेच.

या याद्यांमागे कधीकधी खरा अभ्यास असतो, पण त्यातला आकडा गाळलेला असतो. दोन गोष्टी किती जोडीनं चालतात हे ‘सहसंबंध’ नावाच्या आकड्यात मोजतात. काहीच नातं नसेल तर ०, घट्ट जोडी असेल तर १. हा आकडा मनात उतरवायची एक सोपी युक्ती आहे. रस्त्यावरून कुठल्याही दोन माणसांना उचला. सहसंबंध ०.१ असेल, तर त्यांच्यातला जास्त जागणारा हाच जास्त हुशार निघेल, असं शंभरपैकी ५३ जोड्यांत घडेल. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. सहसंबंध ०.३ असेल तर ६०, आणि ०.५ असेल तर ६७.

या मापानं यादी भराभर तपासता येते. रात्र जागण्याचा बुद्धीशी संबंध ०.१ च्याही खाली आहे, आणि शाळेतल्या गुणांत तर रात्री जागणारी मुलं थोडी मागेच पडतात, कारण शाळा सकाळी भरते. एकलकोंडेपणाचा संबंध जवळपास शून्य. डावखुरेपणाचंही तसंच. शिव्यांच्या अभ्यासात असं दिसलं होतं की एका मिनिटात ज्यांना जास्त शिव्या आठवतात, त्यांना प्राण्यांची नावंही जास्त आठवतात. शब्दसाठा मोठा, त्यात शिव्याही आल्या. उठताबसता शिव्या देणारा हुशार असतो, असं त्या अभ्यासात कुठेच नव्हतं. पसाऱ्याचा आणि अक्षराचा विषय काढायचीही गरज नाही.

‘मी हुशार आहे’ असं स्वतःला वाटणं, ही खूण? स्वतःबद्दलचा अंदाज आणि चाचणीतले गुण यांचा सहसंबंध साधारण ०.३ येतो. म्हणजे स्वतःला हुशार समजणारे शंभरात साठ वेळा बरोबर असतात.

मग खरं काय सापडलंय? सगळ्यात पक्की गोष्ट सगळ्यात जुनी आहे. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं शाळकरी मुलांचे वेगवेगळ्या विषयांतले गुण शेजारी मांडले. एका विषयात वर असलेला मुलगा बहुधा दुसऱ्याही विषयात वर होता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत शब्दांच्या, आकड्यांच्या, चित्रांच्या, वेगाच्या अगणित चाचण्या झाल्या, आणि हे चित्र टिकून राहिलं. आपल्याकडे ‘गणितात कच्चा आहे, पण भाषेत नक्की पक्का असणार’ असा दिलासा देतात. देव एका हातानं काढून घेतो आणि दुसऱ्या हातानं देतो, हा हिशेब इथे लागत नाही. क्षमता साधारण जोडीनं वाढतात. साधारण, हा शब्द मात्र महत्त्वाचा. एकेका मुलात मोठे खड्डे आणि उंचवटे असू शकतात.

या जोडीमागे काय आहे याचा एक भाग घरी करून बघता येतो. कुणाला तरी सेकंदाला एक या वेगानं आकडे वाचून दाखवा: ७, ३, ९, २, ६. ते तसेच परत म्हणायला सांगा. प्रौढ माणसाला सरासरी सात आकडे जमतात. आता उलटे म्हणायला सांगा: ६, २, ९, ३, ७. लगेच गाडी अडते, साधारण पाचावर. सुलटे म्हणताना नुसतं साठवायचं असतं. उलटे म्हणताना साठवलेलं निसटू न देता त्यावर काम करायचं असतं. या जागेला वर्किंग मेमरी म्हणतात आणि ती फार लहान असते. हुशार माणसाची थोडी मोठी असते, किंवा तो ती नीट वापरतो. ‘हे असं असेल तर ते तसं होईल, पण मग तिसरं काय’ ही साखळी तीन कड्यांनंतर तुटते की पाच, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

दुसरी खूण शब्दांची. बुद्धीच्या मोठ्या चाचण्यांत दहा-बारा पोटचाचण्या असतात. एकूण गुणांशी सगळ्यात जास्त जुळणाऱ्यांत ‘या शब्दाचा अर्थ सांग’ ही चाचणी असते. पाठांतराची वाटणारी गोष्ट बुद्धीची खूण कशी? मूल शब्द कसे शिकतं ते बघा. ‘जिकिरीचं’ म्हणजे काय हे कुणी मुलाला बसवून शिकवत नाही. ते एकदा ऐकतं, यंदा कांदा चाळीत टिकवणं जिकिरीचं झालंय. मग कधीतरी ऐकतं, पावसाळ्यात घाटातून गाडी काढणं जिकिरीचं. दोन्हींतलं सामाईक काय, हे त्यानं स्वतःच गाळून घेतलेलं असतं. असा हजारो शब्दांचा साठा म्हणजे हजारो वेळा बरोबर बांधलेल्या अंदाजांचा गाळ. अर्थात हे शब्द घरी कानावर पडले तरच. त्याकडे पुढे येऊच.

नवं कोडं सोडवायची ताकद आणि साठलेलं ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रेमंड कॅटल यांनी मांडलं. पहिली विशी-तिशीत शिखरावर असते, मग हळूहळू उतरते. दुसरी साठीपर्यंत वाढत राहू शकते. लोक दुसरीला पाहून पहिलीचा अंदाज बांधतात आणि फसतात.

बुद्धिबळ घ्या. विदित गुजराथी नाशिकचा, २०२३ ची फिडे ग्रँड स्विस जिंकलेला, २०२४ मध्ये बुडापेस्टला ऑलिंपियाडचं सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघातला. अशा दर्जाच्या खेळाडूला खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर तो जवळजवळ सगळी मोहरी परत मांडतो. नवख्याला चार-पाच जमतात. केवढी ही स्मरणशक्ती! पण विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली आणि उस्ताद खेळाडूची आघाडी जवळपास संपली. तो वीस मोहरी वीस वेगळ्या वस्तू म्हणून बघत नाही. कॅसल केलेला राजा आणि पुढची तीन प्यादी हा त्याला एकच शब्द दिसतो. निफाड-दिंडोरीचा मुरलेला द्राक्ष बागायतदार पानावरचा तेलकट पिवळा डाग बघून ‘डाऊनी आला’ म्हणतो, तेव्हाही हेच चाललेलं असतं. हे वर्षांचं काम आहे. ते कमी दर्जाचं नाही, पण त्यावरून नव्या कोड्यातली चपळाई मोजता येत नाही.

स्वभावातली एक खूण मात्र तपासणीत टिकली आहे. स्वभावाच्या पाच मोठ्या पैलूंपैकी नव्या कल्पनांची ओढ हाच बुद्धीशी नीट जोडलेला आढळतो, सहसंबंध ०.२ ते ०.३ च्या घरात. टापटीप, मनमिळाऊपणा, बोलकेपणा यांचा संबंध नगण्य. ही ओढ म्हणजे पुष्कळ विषयांवर थोडं थोडं बोलता येणं, असं समजू नका. एखादी क्षुल्लक गोष्ट ‘असं का?’ म्हणून हातात घेणं आणि न सोडणं, असं तिचं रूप असतं. याचा नमुना नाशिककरांना दूर शोधावा लागत नाही.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. गणितातलं पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. १९४९ मध्ये त्यांनी जे मांडलं ते चौथीतल्या मुलालाही करता येईल. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे लावा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचं जन्मवर्षच घेऊ:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबते. १९०५ ला नेमक्या सातच लागतात. मुलांचा हिशेब बहुतेक वेळा एकाच जागी चुकतो: शून्य सोडून देतात. वजाबाकी ९९९ आली तर ती ०९९९ धरायची, आणि पुढची पायरी ९९९० − ०९९९ अशी करायची. शून्य सोडलं की ९९९ − ९९९ होऊन सगळं शून्यावर जातं.

याच माणसानं गावाच्या नावाच्या ‘देवळाली संख्या’ शोधल्या. १५ मध्ये त्याचेच अंक मिळवा, १ आणि ५, तर २१ येतात. म्हणजे २१ ला जन्म देणारी संख्या आहे. २० ला अशी कुठलीच नाही, करून बघा. २० ही देवळाली संख्या, ३१ ही आणि ४२ ही. ‘डेमलो संख्या’ हे आणखी एक नाव त्यांनी एका रेल्वे स्टेशनवरून दिलं. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. त्या काळच्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मध्ये लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी! कापरेकरांचा बुद्ध्यांक किती होता, हा प्रश्न इथे अगदीच कोता वाटतो.

आता नाण्याची दुसरी बाजू, जी याद्यांत कधीच नसते. हुशार माणूस चुकतो तेव्हा कसा चुकतो?

येल विद्यापीठाच्या डॅन काहान यांच्या गटानं अमेरिकेत सुमारे १,१०० लोकांना एक तक्ता दिला. पुरळावरचं मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांना बरं वाटलं, ७५ जणांचं बिघडलं. न लावलेल्यांपैकी १०७ बरे झाले, २१ बिघडले. मलम उपयोगी आहे का? २२३ हा आकडा मोठा दिसतो म्हणून अनेक जण ‘हो’ म्हणतात. प्रमाण काढलं तर लावणारे ७५ टक्के बरे झाले आणि न लावणारे ८४ टक्के. मलम न लावलेलंच बरं. आकडेमोड चांगली असणाऱ्यांना हे जास्त वेळा जमलं, अपेक्षेप्रमाणे. मग तेच आकडे ठेवून मलमाच्या जागी बंदूक-बंदीचा कायदा घातला. आता उत्तर आपल्या पक्षाच्या मताविरुद्ध जात असेल तर आकडेमोडीत पक्के लोकही चुकायला लागले, आणि दोन पक्षांमधली दरी त्यांच्यातच सर्वांत रुंद निघाली. कारण सरळ आहे. आवडतं उत्तर वरवर बघून मिळत असेल तर ते पडताळत नाहीत. नावडतं असेल तेव्हाच बुद्धी कामाला लावतात आणि त्यातून सुटायची वाट काढतात. हुशार माणसाकडे वकील चांगला असतो, एवढंच.

दुसऱ्याचा पूर्वग्रह दिसणं आणि स्वतःचा न दिसणं, यातही बुद्धीची मदत होत नाही असं आढळलंय. न्यूटनसारख्या माणसानं १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरात जबर नुकसान सोसलं, हे तर प्रसिद्धच आहे.

‘फार हुशार म्हणजे थोडा वेडा’ ही समजूतही उगाच घट्ट बसली आहे. उच्च बुद्ध्यांकाच्या क्लबातल्या सभासदांना विचारलं तर मानसिक त्रास जास्त दिसतो, कारण अशा क्लबात कोण जातं हे आधीच गाळून आलेलं असतं. ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-अभ्यासातल्या मोठ्या, सर्वसाधारण गटात उच्च बुद्धीच्या लोकांना मानसिक आजार जास्त दिसले नाहीत.

मुलाची बुद्धी मोजायची असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी ‘डीएमआयटी’ विसरा. ठशांच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यांच्यावरून गणिताचा किंवा संगीताचा कल सांगायला शास्त्रीय आधार नाही. डोळ्यांना पट्टी बांधून रंग ओळखणारी ‘मिडब्रेन’ वाली मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. खात्री करायची तर कार्ड कपाळासमोर धरा किंवा झाकण लावलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवा. विद्या तिथेच संपते. शिष्यवृत्ती परीक्षेतला ‘बुद्धिमत्ता चाचणी’ चा भाग खोटा नाही, पण वर्षभर सराव करून दिलेल्या पेपरात बुद्धी किती आणि सराव किती हे वेगळं काढता येत नाही. मिसळ-ताकाचं कोडं आता तुमच्यावर चालणार नाही, तसंच.

खरी चाचणी आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतो. एका वेळी एकच मूल, समोरासमोर, तास-दीड तास. ठोकळ्यांची नक्षी, शब्दांचे अर्थ, उलटे आकडे, खुणा भराभर उतरवणं असे भाग असतात. सकाळची वेळ घ्या, मूल खाऊन आलेलं असू द्या, चष्मा असेल तर तो विसरू नका. ताप-सर्दी असेल तर सरळ पुढची तारीख घ्या. आदल्या दिवशी घरी ‘तयारी’ करून घेतली की निकाल बिघडतो.

बुद्ध्यांकाची सरासरी १०० असते. ८५ ते ११५ मध्ये साधारण ६८ टक्के लोक येतात. १३० च्या वर जेमतेम २.३ टक्के, म्हणजे पन्नासच्या वर्गात एखादं मूल. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं. त्याला हाच हिशेब लावला तर तेव्हाच ३४ हजारांच्या आसपास. दुर्मीळ म्हणावं तर फार दुर्मीळ नाही. वरच्या टोकाला चाचणी किती चुकते याचा दाखला कॅलिफोर्नियातला आहे. लुईस टर्मन यांनी १९२१ पासून दीड हजारांवर हुशार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा करायचं ठरवलं. गुण कमी पडले म्हणून निवडीत न आलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये.

भाषेचा प्रश्न तर आपल्याकडे रोजचा. व्ही. व्ही. कामत यांनी बिने ही मूळची फ्रेंच बुद्धिचाचणी मराठी आणि कन्नडमध्ये आणली, त्यांचं पुस्तक १९४० चं. मुलांसाठीची मालिन यांची चाचणी नागपूरची, १९६९ ची. ही मोठी कामं होती, पण त्यांची तुलनेची मापं जुनी आहेत. विसाव्या शतकात अनेक देशांत चाचणीतले गुण दर दशकाला सुमारे ३ नं वाढत गेले. म्हणजे वीस वर्षं जुन्या मापावर आजचं मूल फुकटात सहा गुण वर दिसू शकतं. सुरगाणा-पेठकडच्या ज्या मुलाच्या घरी कोकणा बोलली जाते, त्याला प्रमाण मराठीत शब्दांचे अर्थ विचारले तर उलट घडतं. त्याला त्याच्या घरच्या भाषेतले शब्द येतात, चाचणीतले नाही, आणि कागदावर तो मंद दिसतो. अशा मुलाला चित्रांच्या किंवा ठोकळ्यांच्या चाचणीवर आधी बसवायला हवं. सी. एम. भाटिया यांची पाच भागांची चाचणी त्यासाठीच बनली.

म्हणून चाचणी केंद्रात पैसे भरण्याआधीच विचारून घ्या: चाचणी कोणती, तिची मापं कोणत्या वर्षीची, मुलाशी कोणत्या भाषेत बोलणार. अहवालात नुसतं ‘१२४’ लिहिलेलं असेल तर ‘११९ ते १२९’ असा पट्टा लिहून मागा, कारण तेच मूल पुढच्या महिन्यात बसलं तर पाच-सहा गुण इकडे-तिकडे होतातच. आणि एकूण आकड्याखाली प्रत्येक भागाचे गुण वेगळे द्यायला सांगा. शब्द १३५ आणि वेग ९५ असं असेल, तर ‘लिहायला फार वेळ लावतो’ ही वर्गशिक्षकांची तक्रार तिथे दिसते.